कडेची झीज

सासऱ्यांनी एक गुडघा जमिनीला टेकला, मागच्या टायरच्या खाचेत खोली मोजायच्या गेजची पिन घातली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा सांगितला.

"डावी कड, एक पूर्णांक दोन."

सुनेने वहीत लिहिले.

"मध्य, एक पूर्णांक चार. उजवी कड, एक पूर्णांक एक."

टायरवाला हात पुसत बघत उभा होता. गिऱ्हाईक टायरला लाथ मारून बघते, फार तर नखाने रबर खरवडते. गेज आणि वही घेऊन आलेले गिऱ्हाईक तो पहिल्यांदाच पाहत असावा. सासरे तेहतीस वर्षे कारखान्यात तपासनीस होते. तिथे त्यांना पाठीमागे 'मायक्रॉन' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. निवृत्तीनंतर घरात मोजण्याजोगे काही सापडेना, म्हणून त्यांनी मोटारसायकलचे टायर धरले. दर महिन्याच्या एक तारखेला ते वाकून आकडे सांगत आणि सून लिहून घेई. दोन वर्षे हा कार्यक्रम बिनचूक चालला होता.

"काका, हा बदलायला झालाय," टायरवाला म्हणाला. "कुठला देऊ? टिकणारा की धरणारा?"

"फरक काय?"

"कडक रबराचा तीस हजार किलोमीटर आरामात जातो. पण ओल्या रस्त्यावर, वळणावर जरा दगा देतो. मऊ रबर रस्ता सोडत नाही, पण पंधरा हजारांत आटोपतं."

सासरे काय घेणार, हे सुनेला आधीच माहीत होते. त्यांच्या पायातल्या चपला नऊ वर्षांच्या होत्या. छत्रीच्या काड्या दोनदा आणि कापड एकदा बदलले होते, तरी ती त्यांच्या मते तीच छत्री होती. टिकणे हा वस्तूचा पहिला गुण, आणि दुसरा शोधायच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते.

तिला मऊ टायर हवा होता. का हवा, हे सांगायची मात्र सोय नव्हती.

नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर असे. ती घरीच पुस्तकांची प्रुफे तपासायची. दुपारी दोन ते चार सासरे झोपत. आठवड्यातून तीनदा, ते घोरू लागले की ती मोटारसायकल ढकलत कोपऱ्यापर्यंत नेई आणि तिथे सुरू करी. शहरामागच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता होता, एकोणीस वळणांचा. गाडी चालवायला तिला मामाने शिकवले होते, पण वळणाची गोडी तिची स्वतःची. गाडी कलली की डोक्यातले सगळे रिकामे होई आणि तिला फार बरे वाटे. इतके बरे तिला घरात कधीच वाटत नसे. साडेतीनला ती परत येई, पेट्रोल भरून, चिखल पुसून. गाडी चालवू नकोस असे तिला कुणी म्हटले नव्हते. चालवतेस का, असेही कुणी विचारले नव्हते. पहिल्या दिवशी सांगायचे राहिले आणि मग रोज थोडे थोडे अवघड होत गेले.

गेल्या महिन्यात अकराव्या वळणावर मागचे चाक सरकले. ती पडली नाही, गुडघा कठड्याला घासला. घरी तिने कपाटाच्या कोपऱ्यावर ढकलले. आता कडक टायर बसला तर पुढच्या खेपेला कठड्यावर भागेलच असे नाही. आणि टेकडी आपल्याला सोडवणार नाही हेही तिला पक्के माहीत होते. तिला त्याचीच भीती वाटत होती.

"धरणारा बरा ना, बाबा?" ती म्हणाली. "तुमच्या वयाला..."

"माझ्या वयाला काय झालंय? मी भाजीला जातो, शर्यतीला नाही."

टायरवाला हसला. मग खाली बसून त्याने टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा फिरवला.

"मीटर किती दाखवतो?"

"या टायरवर अकरा हजार."

"अकरा हजारांत असा जात नाही, काका. सतरा-अठरा तरी झालेत. आणि सरळ चालवणाऱ्याचा मध्य जातो, कडा कोऱ्या राहतात. इथे उलटं झालंय. कुणीतरी वळणावर गाडी चांगली आडवी घालतंय. मुलगा चालवतो का?"

"मुलगा जहाजावर असतो."

सुनेने वही मिटली आणि परत उघडली. चोवीस महिन्यांचे आकडे तिच्याच अक्षरात होते. मध्याचा रकाना सावकाश उतरत होता. कडांचे दोन्ही रकाने गेल्या वर्षीपासून धावत सुटले होते. छापील पानावरचा निसटलेला अनुस्वार तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि इथे स्वतःविरुद्धचा पुरावा तिने दर महिन्याला सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता. तिचे कान तापले.

"मीटर बिघडलाय तुमचा," टायरवाला म्हणाला.

"मीटर ठीक आहे."

सदोष माल परत पाठवताना ते हाच आवाज वापरत असणार. आता ते वळून बघतील असे तिला वाटले. ते मांडणीकडे गेले आणि टायरांच्या बाजूवरची बारीक अक्षरे वाचू लागले.

"दोन्ही गुण एकात मिळत नाहीत का?"

"मिळतात की. मध्ये कडक, कडांना मऊ. पण तो घाटातून फिरणाऱ्यांसाठी. तुम्ही भाजीला जाणार, तुम्हाला काय करायचाय?"

"टायर गाडीला बसवायचाय, मला नाही. दाखवा."

पहिला त्यांनी परत केला, दीड वर्ष पडून होता म्हणून. दुसऱ्याच्या मध्यावर त्यांनी नख दाबले, मग कडेवर. कडेवर ते बराच वेळ दाबत राहिले.

टायर बसेपर्यंत दोघे बाकावर बसली.

"बाबा," ती म्हणाली.

"हवा किती भरतोय ते बघ," ते म्हणाले.

काम झाल्यावर टायरवाल्याने बजावले, "नव्या रबराला वरून गुळगुळीत थर असतो. पहिले दीडशे किलोमीटर आडवी घालायची नाही. सावकाश. नंतर काय ते."

तो आत गेला. सासरे नव्या टायरकडेच बघत होते.

"ऐकलंस ना? दीडशे."

"हो."

"टाकीपर्यंत जाऊन-येऊन तेवीस होतात. म्हणजे सात दुपारी." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "आणि मीटरची केबल काढत जाऊ नकोस. दीडशे झाले हे कळणार कसं?"

तिचे डोळे भरून आले होते, म्हणून तिने गाडीवर बसून आरसा नीट करायला घेतला. सासऱ्यांनी मागे बसण्यासाठी पाय उचलला. पहिल्या खेपेला तो पुरेसा वर गेला नाही. तिने दोन्ही पाय घट्ट रोवले आणि ते बसेपर्यंत गाडी हलू दिली नाही.