घासून काढलेला थर

मी खानावळीच्या भट्टीतला लोखंडी ट्रे बोलतोय. काळाकुट्ट, एका कोपऱ्यात वाकलेला. नाक मुरडू नका. पन्नासेक वर्षं तुमच्यासारख्यांना खाऊ घातलंय मी.

माझं काम एकच. गाजर, रताळी, बीट यांच्या बोटाएवढ्या फोडी तेल, मीठ, जिरं चोळून माझ्यावर पसरायच्या. गर्दी करायची नाही, नाहीतर भाजायच्या सोडून उकडतात. कडा तांबूस झाल्या की मग मध आणि तिखट. मध आधी ओतला तर करपतो. एवढंही न कळणारी माणसं पाहिलीत मी. वाढायचं तोंडी लावणं म्हणून, पण लोक तेच दोनदा मागायचे.

हे सगळं मालकीणबाईंच्या हातचं. जीभ तिखट, हात गोड.

मग सून आली. घाबरट, पण कामाला वाघ. बाईंचे गुडघे बोलायला लागले होते. त्या म्हणाल्या, "रविवारचं भाजणं तू कर. जमलं तर भट्टी तुझी."

पोर हरखली. आणि हरखून तिनं काय करावं? शनिवारी दुपारी मला मोरीत घेतलं आणि तारेच्या घासणीनं दोन तास घासलं. वर्षानुवर्षांच्या तेलाचा काळा थर तिला घाण वाटला. त्या थरामुळेच फोडी सुटून येतात, हे कोण सांगणार? मी? मला तोंड आहे का? उघडा पाडला हो तिनं मला. असा राग आला!

रविवारी फोडी चिकटल्या त्या चिकटल्याच. उलथण्यानं खरवडून वाढल्या. समोरच्या गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "वहिनी, भाजी आहे की माझा जुना टायर?" सगळे खो खो हसले. मीही मनात हसलो. म्हटलं, बरी जिरली.

"आई, काय चुकलं माझं?" सुनेनं विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लख्ख. एका नजरेत त्यांना कळलं, कारण नवी सून असताना त्यांनीही मला अस्संच घासलं होतं. तेव्हा त्यांच्या सासूनं हसून मला तेल चोळलं, आठवडाभर रोज तापवलं आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

बाई मात्र म्हणाल्या, "हाताला गुण असावा लागतो. राहू दे. तू ताटं पूस."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला गुपचूप तेल लावायला घेतलं. आठ दिवसांत मी होतो तसा. फोडी पुन्हा सुटायला लागल्या. सुनेला वाटलं, खरंच, हाताचाच गुण.

दोन वर्षं तिनं ताटं पुसली. मग नवऱ्याला घेऊन दुसऱ्या गावी गेली. कापडाच्या दुकानात आहे म्हणे. इकडे बाईंचे गुडघे गेले, खानावळ बंद पडली.

बाई कधीतरी फोन लावतात. "जेवलीस का? काय केलंस?"

"बाहेरून आणलं, आई. मला कुठं काय येतं?"

बाई घाईनं पाऊसपाण्याचं विचारतात. मग फोन ठेवतात.

मी मागच्या दारी गंजत पडलोय. मला भंगारात घाला, चालेल. त्या दिवशी हसलो, त्याची हीच शिक्षा. पण आधी कुणीतरी त्या पोरीला सांगा रे: तुझा हात चांगलाच होता. त्या दिवशी ट्रे कोरा होता, एवढंच.