नादकाटा आणि आखूड सेकंद

दोन हात, एक पाय आणि डोके मुळीच नाही. मित्रांनो, असा मी एक जुना नादकाटा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत माझी भावंडे तुम्ही पाहिली असतील. रबरावर आपटले की आम्ही गुणगुणतो आणि कानाजवळ नेले की मुले डोळे मोठे करतात. एवढेच आमचे काम. पण याच एवढ्याशा कामामुळे एकदा एक बासरी कापली जाता जाता वाचली. त्याची ही हकिकत.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. पोलादाची सळई तापवून वाकवली, खाली दांडी जोडली आणि मला एका कारागिरापुढे ठेवले. तो कानस घेऊन बसला. माझ्या भुजांची टोके घासली की स्वर चढे, वाकणापाशी घासले की उतरे. तो घासायचा, वाजवायचा, कान देऊन ऐकायचा आणि पुन्हा घासायचा. शेवटी मान डोलावून त्याने माझ्या अंगावर आकडा ठोकला: ५१२. म्हणजे मी एका सेकंदात पाचशे बारा वेळा थरथरतो.

"हा तुझा शब्द," तो म्हणाला. "आता फिरवायचा नाही."

तेथून मी सात भावंडांसह पेटीत बसून एका शाळेत गेलो. तिथल्या विज्ञानाच्या बाई मला वाजवून पाण्याच्या पेल्याला टेकवत. पाणी असे उडे की पहिल्या बाकावरची मुले भिजत आणि शेवटच्या बाकावरची हेवा करत. बाईंची पाठ वळली की मात्र मला कोणीतरी बाकाच्या कडेवर आपटे. "अरे, तो नादकाटा आहे, हातोडा नव्हे!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की ते माझेच आडनाव आहे असे मला वाटू लागले.

पुढे माझा एक भाऊ कोणाच्या तरी खिशातून गलोल म्हणून पळवला गेला. पेटी अपुरी झाली. शाळेने नवा संच घेतला आणि आम्हाला मोडीत काढले. त्याच आठवड्यात बाई निवृत्त होत होत्या. "दोघांची पाठवणी एकदमच निघाली म्हणायची," असे म्हणून त्यांनी मला आपल्या पिशवीत टाकले.

बाईंच्या घरी दोन मुले होती. थोरला दुकानात नोकरीला होता. धाकटी दिवसा संगणकाचे प्रोग्राम लिही आणि संध्याकाळी मँडोलिन वाजवी. तिने मला हातात घेतले, आकडा वाचला आणि टाळी वाजवली.

"आई, पाचशे बारा! हा तर आमच्याच घराण्यातला निघाला."

संगणकवाल्यांना दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीने वाढणाऱ्या आकड्यांचा फार लळा असतो. तसे दुप्पट करत गेले की पाचशे बारा येतात. एवढ्या नात्यावर मला तिच्या मँडोलिनच्या पेटीत, मऊ अस्तराचा एक कप्पा मिळाला.

मित्रांनो, ते दिवस किती मजेचे होते! धाकटीला आवाजाचे वेड होते. किटलीची शिट्टी, लिफ्टचे दार, शेजाऱ्यांची कुरकुरणारी खुर्ची, सगळ्यांचे स्वर तिला हवे असत. थोरला वैतागून म्हणे, "या घरात फ्रिजनंसुद्धा सुखानं घरघरायची सोय नाही. ही लगेच त्याची मुलाखत घ्यायला हजर!"

रविवारी सकाळी आम्ही बाहेर पडत असू. जागा धाकटी ठरवी आणि तिची कसोटी एकच: तिथे टाळी वाजवली की काय ऐकू येते? म्हणून आम्ही कधी पुलाखाली बसत असू, कधी पाणी काढलेल्या पोहण्याच्या तलावात, कधी टेकडीवरच्या टाकीमागे. सोबत दोघे असत. एक दातांचे डॉक्टर. ते गिटार वाजवत आणि गातही. दुसरे पोस्टमनकाका. आयुष्यभर पत्रे वाटून आता त्यांच्या हाती एक लाकडी बासरी उरली होती, वडिलांकडून आलेली.

सुरुवातीला काका एक लांब स्वर धरत. बासरीला काही खुंट्या नसतात. ती जशी आहे तशीच वाजणार. म्हणून धाकटी आणि डॉक्टर आपापल्या तारा पिळून तिच्याशी जुळवून घेत. काका डोळे मिटून स्वर धरून राहत आणि सगळे जुळले की एक डोळा उघडून विचारत, "झालं का तुमचं? माझा दम संपला."

मग काकांचे दात पडले. डॉक्टरांनी उरलेले काढले आणि हिरड्या भरून येईपर्यंत बासरी बंद ठेवायला सांगितली. आता तारा जुळवायच्या कशाशी? माझ्याकडे स्वर एकच, धाकटीला हवे होते सगळे. धाकटीने नव्या फोनसाठी एक प्रोग्राम लिहिला. तो स्वतः स्वर वाजवून दाखवी आणि आपण वाजवलेला स्वर मोजी. बरोबर असला की हिरवा दिवा, चुकला की लाल. कोण बेसूर आहे ते सगळ्यांदेखत सांगणारा, म्हणून तिने त्याचे नाव ठेवले चहाडखोर.

चहाडखोर आला आणि माझे दिवस फिरले. माझ्या कप्प्यात फोनची वायर राहायला आली. मी टेबलावर, तेथून खणात आणि शेवटी खिडकीच्या फटीत गेलो. वाऱ्याने तावदान आपटू नये म्हणून थोरल्याने मला तिथे खोचले होते.

काही महिन्यांनी काका नवी कवळी लावून रविवारी हजर झाले. धाकटी आणि डॉक्टरांनी चहाडखोरावर तारा जुळवल्या. धून सुरू झाली आणि तिघेही दचकून थांबले. मी तिथे नव्हतो. पण धाकटीने घरी येऊन सांगितले ते मी खिडकीतून ऐकले.

"डॉक्टर, हे काय बसवलंत माझ्या तोंडात?" काका म्हणाले होते.

"काका, कवळीला नावं ठेवायची नाहीत. तिच्यात दात असतात, सूर नसतो."

धाकटीने फोन पुढे केला होता. काकांनी फुंकर घातली. लाल दिवा. जोरात घातली. लाल. चेहरा दिव्याहून लाल झाला तरी लालच. धाकटी शक्य तितक्या हळू म्हणाली होती, "काका, थोडं उतरतंय."

पुढच्या रविवारी काका बासरी न घेता आले, फक्त चहाचा थर्मास घेऊन. "तुम्ही वाजवा, मी ऐकतो," म्हणाले. त्यानंतर काका आलेच नाहीत. डॉक्टर मात्र दुकानदाराच्या नावाने बोटे मोडत राहिले, कारण गिटारच्या तारा पटापट तुटत होत्या. गातानाही त्यांचा आवाज फाटत होता. ते म्हणत, सर्दी आहे.

एके दिवशी दुपारी धाकटीचा फोन वाजला. डॉक्टर होते. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"काका दवाखान्यात आलेत," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं कवळी टोचत असेल. तर बासरीच घेऊन आलेत! म्हणतात, बासरी आखूड केली की स्वर चढतो. तुमच्याकडं बारीक चकती आहे, टोकाकडून एवढी कापून द्या. पेन्सिलीनं रेघसुद्धा ओढून आणलीय. काय करू?"

"कापू नका!" धाकटी ओरडली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पण डॉक्टर, नाहीतर ते कधीच वाजवणार नाहीत."

बाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले. "त्यांना म्हणावं, अर्धा तास थोपवून धरा."

"अहो, कसं थोपवू? करवत द्या, घरी कापतो म्हणतात."

"कवळी पॉलिश करायला काढून घ्या. दाताशिवाय कुठं जातील?"

फोन बंद झाल्यावर बाई धाकटीकडे वळल्या. "तुझा तो चहाडखोर खरं बोलतो हे तू कसं तपासलंस?"

"व्यवस्थित तपासलंय, आई. एका फोनवरून त्याला स्वर वाजवायला सांगितला आणि तसल्याच दुसऱ्या फोनवर त्याच प्रोग्रामनं मोजला. दर वेळी हिरवा दिवा."

"म्हणजे पेपर त्यानंच काढला, त्यानंच सोडवला आणि त्यानंच तपासला. शंभरपैकी शंभर! अगं, ज्या दिवशी फुटपट्टी बदलली त्याच दिवशी माणूस आखूड निघाला, तर आधी फुटपट्टी बघावी. नादकाटा कुठाय?"

"दादा! नादकाटा कुठाय?"

"खिडकीला लावलाय. काढू नका, तावदान आपटतं!"

"आपटू दे," बाई म्हणाल्या.

कित्येक महिन्यांनी मला माणसाच्या हाताची ऊब लागली. बाईंनी पदराने माझी धूळ पुसली, पायातली रबरी चप्पल काढली आणि तिच्या टाचेवर मला अलगद ठोकले. मी गाऊ लागलो. मित्रांनो, खरे सांगतो, मला भीती वाटत होती. खिडकीतल्या ओलीत मी आपला शब्द विसरलो असेन तर?

चहाडखोराने लाल दिवा लावला. आकडा दाखवला: चारशे सत्तर.

"गंजलाय बिचारा," धाकटी म्हणाली.

"गंजून चिमूटभर फरक पडेल. एवढा नाही. याच्या अंगावर काय लिहिलंय?"

धाकटीने आकडा वाचला. चारशे सत्तरला पाचशे बाराने भागले. उत्तर पाहिले आणि ती कपाळावर हात मारून खालीच बसली.

"आई, हा फोन एका सेकंदात अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाजाचं माप घेतो. मी प्रोग्रामला सांगून ठेवलंय चव्वेचाळीस हजार शंभर. जुन्या फोनचा आकडा! तेवढी मापं झाली की हा म्हणतो, झाला सेकंद. खरा सेकंद अजून संपलेलाच नसतो."

"म्हणजे तुझा सेकंद आखूड."

"हो. आखूड सेकंदात कंपनं कमीच मोजली जाणार. म्हणून खरा स्वर उतरलेला दिसतो. आणि त्याच आकड्यामुळं प्रोग्रामचा स्वतःचा स्वर चढा वाजतो, पण मोजताना बरोब्बर दिसतो."

"दोन चुकांनी एकमेकींना पास केलं," बाई म्हणाल्या. "आणि काकांना नापास."

"डॉक्टरांच्या तारा त्यामुळंच तुटत होत्या, आई! आम्ही सगळेच चढे होतो. एकटे काका बरोबर होते."

तिने मला मुठीत घेतले, लॅपटॉप काखेत मारला आणि पळत सुटली. बाई मागून चप्पल घालत घालत निघाल्या.

दवाखान्यात काका दातांच्या खुर्चीत आडवे होते. बोळके तोंड, कपाळावर आठ्या. शेजारच्या ताटलीत, चिमटे आणि कापसाच्या बोळ्यांमध्ये बासरी निजली होती. तिच्या टोकाजवळ पेन्सिलीची रेघ स्पष्ट दिसत होती. डॉक्टर कवळीवर ब्रश फिरवत होते. ती इतकी चकाकत होती की अजून पॉलिश केली असती तर दात झिजले असते.

"काका, बासरी बरोबर आहे," धाकटी धापा टाकत म्हणाली. "तुमचे दातही बरोबर आहेत. माझा सेकंद आखूड होता."

काकांना काहीच कळले नाही. बोळक्या तोंडाने ते काहीतरी म्हणाले. डॉक्टरांनी अर्थ सांगितला, "काका म्हणतात, पोरी, माझी समजूत घालू नकोस."

तेव्हा बाईंनी मला पुन्हा चपलेवर ठोकले आणि माझी दांडी काकांच्या कानामागच्या हाडावर टेकवली. हाडांतून माझा आवाज आत गेला. काकांचे डोळे मोठे झाले, अगदी शाळेतल्या मुलांसारखे. मग बाईंनी मला फोनसमोर धरले. लाल दिवा, चारशे सत्तर. काकांनी माझ्या अंगावरचा आकडा वाचला. फोनकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे पाहिले.

धाकटी बाकावर बसून एकच आकडा बदलत होती. ते झाल्यावर बाईंनी मला तिसऱ्यांदा ठोकले. पाचशे बारा. हिरवा दिवा.

काकांनी हात पुढे केला. डॉक्टरांनी कवळी दिली. काकांनी दात बसवले, बासरी उचलली आणि खुर्चीत आडवे असतानाच तो नेहमीचा लांब स्वर धरला.

हिरवा.

बाहेर बसलेला, गालाला हात लावलेला एक रोगी दारातून डोकावला. काका स्वर सोडेनात. शेवटी एक डोळा उघडून त्यांनी धाकटीकडे पाहिले. ती रडत होती आणि हसत होती.

"मी तुम्हाला उतरलात म्हटलं," ती म्हणाली. "स्वतःला एकदाही विचारलं नाही."

"अगं, तू यंत्राचं ऐकलंस. मीसुद्धा त्याचंच ऐकलं की! इतकी वर्षं वाजवतोय, पण कानावरचा भरवसा एका दिव्यानं उडाला." मग ते डॉक्टरांकडे वळले. "आणि तुम्ही! कापली असतीत?"

"छे हो. पण तुमचे दात आयुष्यात इतके स्वच्छ कधी नव्हते, एवढं मान्य करा."

आता पुन्हा रविवारी आम्ही बाहेर पडतो. काका आधी स्वर धरतात आणि बाकीचे तारा जुळवतात. डॉक्टरांची सर्दी आपोआप बरी झाली. चहाडखोरही आमच्यात असतो. तो हुशार आहे. फक्त त्याने मान्य केले आहे की आपली परीक्षा दुसऱ्याने घ्यावी. धाकटी नवा प्रोग्राम लिहिते तेव्हा पहिला प्रश्न मी विचारतो. मँडोलिनच्या पेटीतला माझा कप्पा मला परत मिळाला आहे. फोनच्या वायरने दुसरे घर शोधले. तावदान आपटू नये म्हणून थोरल्याने आता खरोखरीची कडी बसवली आहे, आणि ती माझ्यापेक्षा चांगली बसली आहे असे तो गावभर सांगतो.

मित्रांनो, माझे फार मागणे नाही. मला बाकाच्या कडेवर आपटू नका. रबर नसेल तर चपलेची टाच चालते. ओल लागू देऊ नका. तुमच्या घरात असे जुने, एकाच कामाचे काही पडून असेल, तर फेकण्याआधी त्याच्या अंगावरचा आकडा एकदा वाचा.

आणि काकांच्या बासरीवरची ती पेन्सिलीची रेघ अजून तशीच आहे. धाकटी खोडरबर घेऊन गेली होती, पण काकांनी पुसू दिली नाही. "राहू दे," ते म्हणाले. "इथवर वेळ आली होती, हे आपल्या दोघांच्याही लक्षात राहील." दुसऱ्या कोणावर अशी रेघ ओढावीशी वाटली, तर आधी आपली फुटपट्टी तपासा. मी कप्प्यातच आहे. हाक मारा, पण हळूच ठोका.