शेवटची फेरी

वाळूच्या रिंगणात बाप घोडीच्या डावीकडून चालायचा, लेकीच्या मांडीवर हात आडवा टाकून. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे पाय जन्मापासून ताठ. घोडीच्या पाठीच्या हेलकाव्यांनी ते सैल पडत आणि कंबर तोल शिकत जाई. हात नुसता आधाराला, तो हळूहळू काढून घ्यायचा, असं उजवीकडून चालणाऱ्या शिक्षिका ताई पहिल्यापासून सांगत. पण बापाचं काळीज सशाचं. 'पुढच्या वेळी' म्हणत राहिला आणि लेक वीस वर्षांची झाली.

इकडे घोडीही थकली. तिला सगळे म्हातारीच म्हणत. आजच्यानंतर हिच्यावर कुणाला बसवू नका, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाकीचे घोडे रुंद पाठीचे. त्यांच्यावर बसण्याइतके लेकीचे पाय फाकतच नसत. म्हणून तिने एकच मागितलं होतं: एक फेरी, कुणाचाही हात न लागता. बापाने शब्द दिला होता.

त्याने हात काढला आणि मोह नको म्हणून खिशात घातला. ताईंनीही काढला. मोतद्दाराने दोर धरून म्हातारीला चालवलं. लेक ताठ बसली होती, तोंड किंचित उघडं. बापाला ती एकदम मोठी वाटली, थोडी परकीसुद्धा. शेवटच्या वळणावर ती त्याच्या बाजूला कलली. त्याने दोन्ही हातांनी तिला धरलं, इतकं गच्च की तिचे पाय आखडले आणि म्हातारी जागीच थांबली.

आखडलेले पाय आज सुटणार नव्हते. लेकीला उतरवून खुर्चीत बसवल्यावर ताई बापाला हलकेच म्हणाल्या, "ती सावरत होती. मला उजवीकडून दिसत होतं."

बाप लेकीसमोर उकिडवा बसला. तू पडशील असं वाटलं, वगैरे काहीबाही पुटपुटला.

बोलायला तिला वेळ लागे. तो तिने घेतला.

"पडले असते, बाबा. पण माझी मी."

इतकी वर्षं आपणच तिला अडवून धरलं, हे त्याला आत्ता कळत होतं. पण वरातीमागून घोडं, उपयोग काय?

गाडीपाशी तिला उचलून सीटवर ठेवायचं काम नेहमी त्याचंच. त्याने हात पुढे केले आणि मध्येच थांबला. धरावं की नाही, त्याला समजेना. लेकीने त्याला बराच वेळ तसंच उभं राहू दिलं.

मग म्हणाली, "आता धर."