हितसंबंध नसलेली एकमेव बाई

कॅरागाना गावात माणसं तीनशे बारा आणि समित्या सोळा. बर्फावरच्या हॉकीच्या रिंकची एक, सभागृहाची एक, दफनभूमीची एक, इतकंच काय, वर्षातून एकदा होणाऱ्या कोंबडीच्या गावजेवणाचीसुद्धा एक. प्रत्येक धडधाकट माणूस दोन-तीन ठिकाणी अडकलेला. त्यातून सुटलेली एकच बाई होती, मर्ना फेडोरुक. छत्तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळून ती निवृत्त झाली आणि "आता मला कुणाचं काही पोचवायचं नाही," असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. फक्त अनुदानाच्या वाटप समितीवर ती बसायची, कारण ती वर्षातून एकदाच भरायची आणि त्यासाठी दारोदार वर्गणी मागत फिरावं लागत नसे.

शहरातली एक धर्मादाय संस्था दर हिवाळ्यात या भागातल्या एका गावाला पंचवीस हजार डॉलर द्यायची. कुठल्या कामाला द्यायचे ते गावातल्याच पाच जणांनी ठरवायचं, पण सगळे पैसे एकाच कामाला, तुकडे करायचे नाहीत. आणि ज्याचा अर्जदारांपैकी कुणाशीही संबंध असेल, त्याने उठून खोलीबाहेर जायचं. ज्या कुणी हा नियम केला, तो तीनशे वस्तीच्या गावात आठ दिवससुद्धा राहिलेला नसावा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं असंच असतं.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी दुपारी सभागृहाच्या मागच्या खोलीत चौघं जमली होती. पाचवा हॅरल्ड दर हिवाळ्यासारखा ॲरिझोनाला उन्हात पळाला होता. संस्थेकडून कोर्टनी नावाची तरुण मुलगी आली होती, हसरी, नीटनेटकी, बर्फात मुळीच चालणार नाहीत असे बूट घातलेली. शेजारच्या स्वयंपाकघरात बायका पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, वळत होत्या आणि मधल्या खिडकीतून उकडलेल्या बटाट्याचा आणि कांद्याचा वास येत होता.

"पहिला अर्ज रिंकचा," कोर्टनी म्हणाली. "बर्फ गोठवायचं यंत्र बदलायचंय."

"तो आमचा," विल्फ म्हणाला. तो रिंकचा अध्यक्ष. "पोरं चाळीस किलोमीटर जातात हो हॉकी खेळायला."

"मग तुम्हाला बाहेर जावं लागेल. दुसरा, सभागृहाचं छप्पर."

"माझा," ऑड्री म्हणाली. "वर बघा, म्हणजे का ते कळेल."

"तिसरा, रुग्णांना शहरात नेणारी व्हॅन."

"ती मी चालवते," स्टेला म्हणाली.

कोर्टनीने पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा उतरला. "निदान एक सभासद तरी निर्लेप लागतो. खोलीत हजर, आणि त्याची सही. आज शेवटची तारीख आहे. नाहीतर पैसे पुढच्या गावाला जातात."

"पुढच्या गावाला?" विल्फ ओरडला. "त्या चोरांना? अहो, त्यांना मागच्या वर्षी मिळालेत! थांबा, थांबा. मर्ना आहे ना! ती कशातच नाही."

"मिसेस फेडोरुक, तुमचा यांपैकी कशाशीच संबंध नाही?"

मर्नाने तोंड उघडायच्या आत ऑड्रीने उत्तर दिलं. "तिचा? तिचा कुणाशीच संबंध नाही, बाळ. साऱ्या गावात हीच एक सुटी बाई."

सगळी हसली आणि उठली. विल्फने जाता जाता मर्नाच्या खांद्यावर थोपटलं, "पोरांचं बघ गं जरा." ऑड्री म्हणाली, "मी काही बोलत नाही, छप्परच बोलेल." स्टेला मात्र दारात घुटमळली. "गिअरबॉक्स गेलाय, मर्ना. सोमवारपासून व्हॅन हलणार नाही. एवढंच सांगते." मग दार लागलं.

कुणीही खोटं बोललं नव्हतं. हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही, पण खरं आहे. व्हॅनमधून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा नेस्टर बारानियुक हा मर्नाचा सख्खा भाऊ होता, आणि ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मर्ना त्याच्याशी अकरा वर्षं बोलली नव्हती. आई गेली त्या वर्षी नेस्टरने तिला न विचारता घराची जमीन मोठ्या कंपनीला विकून टाकली. कंपनीने घर पाडलं, आईची बाग नांगरली, तिथे गहू पेरला. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत मर्ना म्हणाली होती, "मला भाऊ नाही." तेव्हापासून गावाने तो निकाल मान्य करून टाकला होता. गावजेवणाला त्यांना वेगळ्या टेबलांवर बसवायचे. दुकानात तो सकाळी जायचा, ती दुपारी. पोस्टात ती त्याची पत्रं काउंटरवर ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची, निवृत्त होईपर्यंत. ज्याच्याशी बोलणं नाही तो नातेवाईक नाही, हा कॅरागानाचा साधा हिशेब होता. त्यामुळे मर्नाला व्हॅनशी जोडावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर तिच्याही डोक्यात आलं नव्हतं, कोर्टनीने कागद समोर सरकवेपर्यंत.

"हे वाचा, सही करा आणि खाली कामाचं नाव लिहा. एवढंच."

मर्नाने चष्मा लावला. माझे आई-वडील, जोडीदार, अपत्य, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणालाही वरील कामांतून लाभ होत नाही, असं मी जाहीर करते. पोस्टात आयुष्य काढलेली बाई. कागदावर लिहिलेलं खरं असावं लागतं, एवढं एकच शास्त्र तिला येत होतं. तिने ते वाक्य तीनदा वाचलं.

"आणि समजा, एखाद्याला भाऊ असला तर?"

"कुणाला?"

"कुणालाही. विचारते आपलं."

"तर त्यांनी बाहेर जायचं. मग आत कुणीच उरत नाही आणि पैसे परत जातात."

"आणि भावाशी बोलणंचालणं नसलं तर?"

कोर्टनी हसली. "अर्जात बोलण्याचालण्याचा रकाना नाहीये हो."

"समजा सही केली आणि नंतर कळलं?"

"तर सही खोटी ठरते. अनुदान तीन वर्षांचं आहे. त्यात कधीही कळलं तर उरलेले थांबवतात, दिलेले परत मागतात. व्हॅन असेल तर व्हॅन घेऊन जातात." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "बर्फ सुरू होतंय. मला तीनला निघावंच लागेल. तुम्ही शांतपणे ठरवा, मी इथेच आहे."

शांतपणे! मर्नाला हसूही येईना. नेस्टर काय म्हणाला होता ते स्टेलाकडून गावभर झालं होतं. व्हॅन बंद पडली तर तो शहरात राहायला जाणार नव्हता. "बाराव्या मजल्यावर खुराड्यात बसून मरण्यापेक्षा माझ्या ओसरीवर मरेन. डॉक्टर म्हणतो दोन आठवडे लागतात." तो बोलला म्हणजे करणारच, हट्टीपणात बारानियुक घराणं कुणाला हार जायचं नाही आणि हे मर्नाइतकं कुणाला ठाऊक असणार? मागच्या हिवाळ्यात व्हॅन बिघडली तेव्हा शेजाऱ्यांनी पाळ्या लावल्या होत्या. पाच आठवडे टिकल्या, त्यातला एक दिवस तर बर्फामुळे चुकलाच. मर्नाचा स्वतःचा परवाना मोतीबिंदूने गेला होता.

खरं लिहावं, तर भाऊ आहे असं कबूल करायचं आणि त्याला मारायचं. त्याला जगवायचं, तर भाऊ नाही असं लिहून द्यायचं. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, पण इथे दोन्हीकडे नेस्टरच उभा होता. आणि रिंकचं नाव लिहिलं तर? तर गाव जन्मभर म्हणणार, जमिनीसाठी सख्ख्या भावाचा जीव घेतला.

एखादी म्हणाली असती, त्यात काय, अकरा वर्षं जे तोंडाने म्हणतेस तेच तर कागदावर लिहायचंय. पण मर्नाची एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. या ईस्टरला ती नेस्टरच्या घरी जाणार होती. तिने मनाशी पक्कं केलं होतं. गेल्या महिन्यात त्याला दुकानासमोर व्हॅनमध्ये चढताना पाहिलं, तेव्हा त्याची विजार दोरीने बांधलेली दिसली होती. कधी काळी एका हाताने वासरू उचलणारा माणूस. त्या दिवशी घरी येऊन ती खूप रडली, आणि ईस्टरची गोड पोळी या वेळी दोन करायच्या असं तिने ठरवलं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं: काही नाही, पोळी टेबलावर ठेवायची आणि बसायचं.

आता सही केली की ते संपलं. तीन वर्षं तिला त्याच्या दाराची पायरी चढता येणार नव्हती. कुणी एकत्र पाहिलं, कुणी शहरात सहज बोललं, पुढच्या गावाच्या चोरांपैकी कुणी चिठ्ठी टाकली, की व्हॅन गेली. आणि नेस्टरजवळ तीन वर्षं होती का? डॉक्टरलाही ते सांगता आलं नसतं.

स्वयंपाकघरातली लाटणी केव्हाच थांबली होती. खिडकीपलीकडे सगळ्या जणी कान देऊन उभ्या आहेत हे मर्नाला न बघताही कळत होतं. तिला त्या सगळ्यांचा राग आला, विल्फचा आला, तो नियम करणाऱ्याचा आला आणि सर्वांत जास्त नेस्टरचा. एक शब्द विचारला असता जमीन विकण्याआधी, फक्त एक, तर आज ती सरळ उठून बाहेर गेली असती. पण मग आत कोण राहिलं असतं?

तीनला दहा मिनिटं कमी असताना तिने सही केली आणि खाली लिहिलं, व्हॅन. अक्षर पोस्टातल्यासारखंच वळणदार आलं, याची तिला लाज वाटली.

दार उघडल्यावर विल्फने पाहिलं आणि हातातला कप आपटला. "व्हॅन! आणि पोरांनी काय..." मग तो मध्येच थांबला. त्याच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. त्याने ऑड्रीकडे पाहिलं, ऑड्रीने स्टेलाकडे. कोर्टनी कागद बॅगेत भरत होती.

"झालं ते चांगलं झालं," विल्फ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुणी काही बोलणार नाही, मर्ना."

"मी तरी कुठे काही बोलतेय?" ती म्हणाली आणि कोट चढवून घरी गेली.

दोन आठवड्यांनी फोटोचा दिवस आला. संस्थेची पद्धतच तशी: टेबलाएवढा पुठ्ठ्याचा चेक, तो धरून उभं राहायचं, शहरातल्या वर्तमानपत्रात छापून येतं. मर्नाने डोकं दुखतंय म्हणून सांगून पाहिलं, पण सही करणारीशिवाय फोटो चालत नाही असं कोर्टनीने फोनवर कळवलं. सभागृह भरलं होतं. मधले दिवस शेजाऱ्यांनी पुन्हा पाळ्या लावून काढले होते, आता व्हॅन नव्या गिअरबॉक्ससह दारात उभी होती.

"इथे तुम्ही, मिसेस फेडोरुक," कोर्टनी म्हणाली. "आणि शेजारी लाभार्थी. कुठे आहेत ते?"

नेस्टर आला. टोपी हातात घेऊन, जाकीट अंगावर लोंबत असलेलं, पण दाढी केलेली. त्याला एवढंच कळलं होतं की मर्नाने व्हॅन दिली. कागदावर काय लिहिलं होतं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगवलंच नसावं. चेककडे न बघता तो सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"मर्ने..." तो म्हणाला.

असं तिला आई म्हणायची आणि तो म्हणायचा. तिसरं कुणी नाही.

"अरे वा," कोर्टनी खूश होऊन म्हणाली, "तुम्ही ओळखता का एकमेकांना?"

सभागृहात कप वाजायचे थांबले. विल्फ जमिनीकडे बघत राहिला. स्टेलाने तोंडावर हात धरला.

"नाही," मर्ना म्हणाली. "पोस्टात यायचे हे कधीकधी. तेवढंच."

नेस्टर तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला लागलं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग त्याने विल्फची खाली गेलेली मान पाहिली, स्टेलाचा तोंडावरचा हात पाहिला, कोर्टनीच्या काखेतली फाइल पाहिली. तो हट्टी होता, मूर्ख नव्हता. त्याने टोपी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला.

"नेस्टर बारानियुक," तो म्हणाला. "तुम्हाला भेटून बरं वाटलं, बाई."

जन्मात पहिल्यांदा त्याने तिला तुम्ही म्हटलं. मर्नाने त्याचा हात हातात घेतला आणि त्याला आपलं नाव सांगितलं.