हातवालीचा उन्हाळा

तिचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता, पण हात घरोघरी ओळखीचे होते. बिस्किटाचे दोन तुकडे करणारे, बांगड्या घालून उगाच पदर सारखा करणारे, विम्याच्या जाहिरातीत कुणाच्या तरी बाळाच्या डोक्यावरून मायेने फिरणारे, असे सगळे हात तिचेच. जाहिरातवाले तिला हातवाली म्हणत. भांड्यांच्या साबणाच्या जाहिरातीतही ती होती. आयुष्यात तिने तेवढीच भांडी घासली आणि त्या दिवशीही फेस दाढीच्या साबणाचा होता.

घरची भांडी नवरा घाशी. तो शाळेत भूगोल शिकवत असे आणि सकाळ-संध्याकाळ घरी कणीक मळत असे. बायकोने काय करायचं नाही हे घरात सगळ्यांना पाठ होतं. भाजी चिरायची नाही, डब्याचं घट्ट झाकण उघडायचं नाही, इस्त्रीच्या जवळून जायचं नाही आणि शेजारच्यांच्या मांजराला लांबूनच छान म्हणायचं. सासूबाई पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे सून आली, पण हात कंपनीचे आहेत."

हे हात सांभाळणं म्हणजे एक लहानसं खातंच होतं. उन्हाळ्यात सनस्क्रीन, तेही मनगटाच्या वर चार बोटं. पावसाळ्यात नखं मऊ पडतात, म्हणून ओल्या टॉवेललासुद्धा हात नाही. थंडीत झोपताना पेट्रोलियम जेली आणि वर पांढरे सुती मोजे. लग्नानंतर नवऱ्याने बायकोचा हात हातात घेतला, तो वर्षातून चार महिने मोज्यासकट. केसांकडे मात्र ती ढुंकून बघत नसे. कानशिलांवर पांढरे झाले, मागे विरळ झाले, उन्हाने राठ झाले. ते कुणी विकत घेणार नव्हतं.

काळजी वाटली की माणसं बोटं मोडतात, नखं खातात, हात चोळतात. तिला यातलं काही चालत नसे. त्यामुळे तिची काळजी पायांत उतरायची. गेलं वर्षभर ती घरात चालतच होती, कारण पन्नाशी आली होती आणि कामं येत नव्हती. बांगड्यांचं काम एका विशीतल्या पोरीला गेलं. बाळाच्या डोक्यावरून फिरायला दुसरा हात आला. "शिरा दिसतात," असं तिला कुणी तोंडावर म्हटलं नाही. नुसतं, "मॅडम, यावेळी जरा वेगळा लुक ठेवलाय," म्हणाले.

आणि मग क्रीम आलं. पन्नाशीनंतरच्या हातांसाठी खास क्रीम. कंपनीला पन्नाशीच्या बाईचा खरा हात हवा होता, फक्त तो पन्नाशीचा दिसायला नको होता. असा हात बाजारात एकच होता. शूटिंग चांगलं झालं तर तीन वर्षांचा करार होणार होता.

"आणि नाही झालं तर?" तिने एजन्सीच्या माणसाला फोनवर विचारलं.

"तर मग आपल्याकडे गरम पाण्याच्या पिशवीची एक जाहिरात आहे. त्यात हात पिशवीच्या खाली असतो."

शूटिंगला आठवडा उरला असताना एका सकाळी तिने उजवा हात खिडकीशी धरला आणि तिथेच उभी राहिली. मग बाथरूमच्या दिव्याखाली जाऊन पाहिलं. मग परत खिडकीशी.

"अहो, इकडे या जरा."

नवरा कणकेच्या हातांनी आला. तिने हात पालथा पुढे केला. हाताच्या पाठीवर बरोबर मधोमध एक तपकिरी डाग होता. वेडावाकडा नाही, तर कंपासने काढल्यासारखा लंबगोल, कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढा.

"भाजलं का?"

"मी गॅसजवळ कधी जाते?"

"मग रोगबिग असेल का काही?"

"रोग इतका व्यवस्थित असतो का?"

नवरा विचार करू लागला आणि विचार करता करता त्याचा चेहरा पडला. त्याने हात पुसले, दाराशेजारच्या खुंटीवरून तिचे गाडी चालवण्याचे हातमोजे आणले आणि उजवा मोजा तिच्या हातावर नुसता ठेवला. उत्तम चामड्याचे, बोटांवर नाजूक शिवण असलेले मोजे. पूर्वी ती गाडी चालवताना पांढरे सुती मोजे घालायची, त्यामुळे चौकात लोक तिला वाहतूक पोलीस समजून थांबायचे. म्हणून वाढदिवसाला त्यानेच हे आणले होते. या मोज्यांना फॅशन म्हणून हाताच्या पाठीवर एक लंबगोल खिडकी असते.

खिडकीतून डाग दिसत होता. तंतोतंत बसला होता.

मोजे आहेत म्हणून तिने अख्खा उन्हाळा गाडीत सनस्क्रीन लावलं नव्हतं. डावा हात सावलीत राहायचा. उजवा स्टिअरिंगवर, उजव्या काचेतून येणाऱ्या उन्हात.

"तुम्ही भूगोल शिकवता," ती म्हणाली.

"हो."

"सूर्य कुठून कुठे जातो हे पोरांना शिकवता."

"दुकानदार म्हणाला, हवा खेळती राहते."

ती चालायला लागली. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत. नवरा कणीक तशीच टाकून तिच्या मागे चालू लागला, आणि दोघांची वरात पाहून सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"काय झालं?"

"डाग पडलाय," नवरा म्हणाला.

"कशावर?"

"हिच्या हातावर."

सासूबाईंनी चष्मा लावून हात पाहिला. "एवढंच होय. माझ्या हातावर असे वीस आहेत. मला कुणी विचारलं नाही."

"आई, तुमच्या हातावर करार नाहीये ना."

"नाहीच. लिंबू चोळ."

लिंबू चोळलं. डाग गेला नाही, आसपासची कातडी लाल झाली, आणि मग डागाला सूर्यास्ताची पार्श्वभूमी मिळाली. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघून सांगितलं की हे काळजीचं नाही, उन्हाने रापलंय, थंडीपर्यंत आपोआप उतरेल.

"सोमवारपर्यंत काही?"

"सोमवारी काय आहे?"

"शूटिंग."

"मग थंडीत करा शूटिंग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सगळा आठवडा ती जागेवर बसली नाही. जेवताना उभी, फोनवर उभी. लेक बाहेरगावाहून फोनवर म्हणाली, "आई, एक हात काम करत नसेल तर डावा दे की. तसेही दोन्ही न वापरलेलेच आहेत." यावर तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला. डाव्याचा विचार तिने केला नव्हता असं नाही. पण डाव्याची करंगळी किंचित वाकडी होती, आणि हे लेक सोडून सगळ्या धंद्याला माहीत होतं.

सोमवारी नवऱ्याने रजा टाकली आणि गाडी त्याने चालवली. ती मागच्या सीटवर उजवा हात पर्समध्ये घालून बसली.

स्टुडिओत मेकअपवाली तिची जुनी ओळखीची होती. तिने हात पाहिला, आजूबाजूला पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, हे काय करून घेतलंत?"

"जाईल ना?"

"जाईल हो. नवऱ्यांनी मारलेल्या खुणा झाकल्यात मी. हा तर साधा डाग."

"हाही नवऱ्यानेच दिलाय," हातवाली म्हणाली.

दोन थर, वर पावडर, वर आणखी काहीतरी फवारलं. हात पुन्हा एकसारखा झाला. दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून पाहून "सुंदर" म्हटलं. कंपनीची बाई कोपऱ्यात, करार घेऊन आलेल्या वकिलाशेजारी बसून होती. तिनेही मान डोलावली. हातवालीच्या पायांना कित्येक दिवसांत प्रथमच जमीन लागली.

काम सोपं होतं. उजव्या हाताच्या पाठीवर क्रीमचा एक थेंब, डाव्या हाताच्या बोटांनी गोल गोल चोळायचं, बस्स. तिने चोळलं. क्रीम खरोखरच चांगलं होतं. ते कातडीत मुरलं आणि मुरता मुरता मेकअप विरघळवून बाजूला घेऊन गेलं. कॅमेऱ्यासमोर, हळूहळू, बोटांच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर, पन्नाशीनंतरच्या खास क्रीमने एका गोऱ्यागोमट्या हातावर तपकिरी डाग पाडला.

कुणी कट म्हणेना. शेवटी दिग्दर्शकच म्हणाला, "हे काय आहे?"

"ऊन आहे," नवरा मागून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पुन्हा मेकअप झाला. पुन्हा डाग उगवला. तिसऱ्या वेळी मेकअपवालीने थर इतका जाड दिला की हात प्लास्टरमध्ये घातल्यासारखा दिसू लागला, तरी क्रीमने तोही उतरवला. कंपनीच्या बाईला धड रागावताही येईना, कारण तिच्या मालाचा गुण तिच्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होता. दिग्दर्शक फोन काढून दाराकडे गेला. कुणाला तरी विचारत होता, "ती बांगड्यांची मुलगी आज मोकळी आहे का?"

हातवालीने हे ऐकलं. तिला तिथल्या तिथे येरझारा घालाव्याशा वाटल्या, पण हात कॅमेऱ्याच्या चौकटीत टेपने खुणावलेल्या जागी होता. त्यामुळे ती फक्त एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. मग म्हणाली, "मला बघू तरी द्या काय झालंय ते."

संकलन करणाऱ्या मुलीने तिला पडद्यावर दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पटकन मागे नेलं. मागे जाताना चित्र उलटं पळालं. बोटं उलटी फिरली आणि त्यांच्याखालून डाग फिका होत होत नाहीसा झाला. शेवटी क्रीमचा थेंब हातावरून उडून ट्यूबमध्ये शिरला.

"हे परत दाखव," हातवाली म्हणाली.

मुलीने परत दाखवलं. मेकअपवाली जवळ आली. कंपनीची बाई आली. वकील उठून आला. दिग्दर्शकाने फोन मध्येच बंद केला.

"तेवढा उडता थेंब कापायचा," दिग्दर्शक सावकाश म्हणाला.

"एका टेकमध्ये आधी आणि नंतर," कंपनीची बाई म्हणाली. "आणि खराखुरा हात. ही कल्पना आम्ही तीन वर्षं चालवू. दरवर्षी नवी क्लिप काढू."

"फक्त डाग पुढच्या वर्षी राहील का?" दिग्दर्शकाने विचारलं.

"नाही राहिला तर रंगवून देईन की," मेकअपवाली उत्साहाने म्हणाली. "कुणाच्याही हातावर काढता येतो."

दिग्दर्शकाच्या कपाळावर एक आठी उमटली. हातवाली ती आठी इतकी वर्षं ओळखत होती. तिला त्या आठीत बांगड्यांची मुलगी स्पष्ट दिसली, विशीतला हात आणि त्यावर ब्रशने काढलेला डाग.

"रंगवलेला चालेल का हो?" तिने वकिलाला विचारलं. अगदी सहज, जणू वेळ विचारावी तसं.

वकील दुखावल्यासारखा दिसला. "छे. फिल्म उलटी चालवणं हे संकलन झालं. खोटा डाग ही ग्राहकाची फसवणूक होईल. कंपनी असलं काही करत नाही. डाग नैसर्गिकच हवा."

"मग कागद आजच करू या," हातवाली म्हणाली. "तसा डाग माझ्याकडे आहे."

करार वकिलाच्या बॅगेतच होता. त्यात त्याने एक ओळ हाताने वाढवली, की सदर डाग करारकाळात जसाच्या तसा राखण्याची जबाबदारी हातवालीची. सही करताना क्रीममुळे पेन दोनदा निसटलं. शेवटी नवऱ्याने आपल्या राठ मुठीत तिची मूठ धरली आणि दोघांनी मिळून सही केली.

घरी सासूबाई दारातच होत्या. "गेला का डाग?"

"नाही आई. त्याला नोकरी लागली."

"कायमची?"

"तीन वर्षांची."

"बरंय बाई," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या हातांकडे एकदा बघून आत गेल्या.

पावसाळा संपला तसा डाग उतरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी म्हटलंच होतं. हातवाली पुन्हा सकाळी खिडकीशी उभी राहू लागली, हात तोच आणि काळजी उलटी. रविवारी नवऱ्याने तिच्या हातावर सनस्क्रीन लावलं, मधला लंबगोल सोडून. ते काम तो नकाशात समुद्र रंगवावा तसं जीभ बाहेर काढून करत होता. मग तिने गॅलरीच्या कठड्यावरून हात बाहेर काढला. ऊन हाताच्या पलीकडे एक वीत थांबलं होतं. तिने आणखी वाकून पाहिलं.

"पडशील," नवरा म्हणाला. "आपली गॅलरी उत्तरेची. सूर्य आता दक्षिणेला चाललाय. मार्चपर्यंत इथे ऊन येणार नाही."

"गच्चीवर?"

"गच्चीला सोसायटीने कुलूप लावलंय."

ती थोडा वेळ समोरच्या इमारतीकडे बघत राहिली. तिथल्या गॅलऱ्या उन्हाने नुसत्या न्हाऊन निघाल्या होत्या. कुणीतरी त्यात गाद्या वाळत घातल्या होत्या.

"तिकडे एखादं घर रिकामं आहे का हो?"

चेष्टा करते आहे का, म्हणून नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पण ती तोपर्यंत चपला घालून जिना उतरत होती, उजवा हात पालथा, पुढे धरून, वाटेत कुठे ऊन लागलंच तर वाया जाऊ नये म्हणून.