वहिनींच्या बरगड्यांवरचे गाणे

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. पण तुम्ही चित्रात पाहता तशी काळी, जाड आणि चकचकीत नाही. मला उजेडासमोर धरले की एका बाईच्या बरगड्या दिसतात. जन्माने मी छातीचा एक्स-रे. तबकडी नंतर झाले, आणि तेही कोणी कोणाला न विचारता.

माझा पहिला जन्म इस्पितळाच्या अंधाऱ्या खोलीत झाला. एका नव्या नवरीला खोकला लागला होता. तिला थंडगार फळीला छाती टेकवून उभे केले, "श्वास धरा" म्हणून सांगितले, आणि त्या धरलेल्या श्वासाची मी सावली झाले. डॉक्टरांनी मला उजेडावर टांगून पाहिले आणि औषध लिहून दिले. खोकला गेला. मी त्या घरच्या कपाटामागे उभी राहिले. माझ्या अंगावर काय काय उमटले होते ते मला ठाऊक नव्हते. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

घरात तिघे होते. ती नवरी, तिचा नवरा आणि धाकटा दीर. दिराला ती भावजी म्हणे आणि तो तिला वहिनी. मीही त्यांना तसेच म्हणते.

भावजींचे रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्त करायचे छोटे दुकान होते. हात कामात आणि तोंड गप्पांत. गिऱ्हाईक ग्रामोफोन घ्यायला येई आणि संगीताचा इतिहास ऐकून जाई. त्यांच्या तोंडून ऐकलेले मी तुम्हाला सांगते. जुन्या जाड तबकड्यांत लाख असे, आणि ती लाख झाडांच्या फांद्यांवर बसणारे बारीक किडे तयार करत. म्हणजे मोठमोठ्या गवयांचे आवाज शेवटी किड्यांच्या जिवावर टिकले. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटेच मावत, म्हणून ज्यांच्या मैफिली रंगायला तास लागे त्यांनाही आपले गाणे तेवढ्यात आटोपावे लागे. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काळात विजेचे यंत्र नव्हते. गाणाऱ्याला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि वरचा सूर आला की मागे सरावे लागे. नाही तर सुई उडे.

सगळ्यात नवल मला एका गोष्टीचे वाटले. आवाज परत ऐकवणारे यंत्र निघण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने काजळी लावलेल्या कागदावर आवाज उमटवला होता. पण तो ऐकण्यासाठी नव्हताच. नुसता डोळ्यांनी पाहायचा. "बघा," भावजी म्हणत, "गाणं आधी दिसलं आणि मग ऐकू आलं."

त्या काळात आमच्याकडे काही गाण्यांवर बंदी होती. परदेशी नाचाची गाणी. ती ऐकली की माणसे कामाला लागत नाहीत, पाय हलवत बसतात, असे वरच्यांचे मत होते. भावजींकडे अशा गाण्याची एकच तबकडी होती, आणि ऐकायला अर्धी गल्ली उत्सुक. तिच्या प्रती काढायला लाख आणावी कुठून? त्यांनी पत्र्यावर करून पाहिले, मेणावर करून पाहिले. पत्र्याने सुई मोडली आणि मेण घसरले. मग कोणाकडून तरी ऐकले, की दूरच्या एका देशात लोक इस्पितळाने टाकून दिलेल्या एक्स-रेवर गाणी कोरतात. त्यांनी दुकानाचे दार लोटले आणि घरी येऊन तडक कपाटामागे हात घातला.

माझी एक बाजू कपाटामागे राहून दुमडली होती. म्हणून भावजींनी माझ्यावर ताटली दुसऱ्या बाजूला सरकवून ठेवली, गोल आखला आणि कात्री चालवली. नावाचा कोपरा गेला. निम्मे हृदयही केरात गेले. पेटत्या सिगारेटच्या टोकाने मधोमध भोक पाडले. मग एका बाजूला मूळ तबकडी आणि दुसऱ्या बाजूला मी, अशा दोघी एकदम फिरू लागलो. तिच्यावरून जाणारी सुई जे ऐकत होती ते माझ्यावरची सुई कोरत होती. हा माझा दुसरा जन्म.

पहिल्यांदा मी वाजले तेव्हा भावजी स्टुलावरून उठून उभेच राहिले. त्यानंतर त्यांनी इस्पितळाच्या टाकाऊ फोटोंवर पुष्कळ गाणी कोरली. कोणाच्या गुडघ्यावर नाचाचे गाणे, कोणाच्या कवटीवर विरहाचे. पण आमच्या जातीचे आयुष्य थोडे. लाखेची तबकडी वर्षानुवर्षे गाते. आम्ही काही वेळा वाजलो की घसा बसतो.

माझा बसला तेव्हा शेजारच्या न्हावीकाकांनी मला मागून नेले. आधी ते मला मागच्या खोलीत हळू आवाजात लावत. पुढे बंदी उठली, कॅसेट आल्या, आणि त्यांच्या दुकानाच्या खिडकीची काच फुटली. त्यांनी मला तिथे खिळ्यांनी ठोकले. वर्षे गेली. दाढीला बसलेले गिऱ्हाईक वर बघून माझ्या बरगड्या मोजे. ही कोणाची छाती, असे कोणी विचारले नाही.

पुढे वहिनींना पुन्हा खोकला लागला. पुढचे मी वहिनींच्याच तोंडून ऐकले, कारण इस्पितळात भेटेल त्याला त्या हे सांगत.

नवा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंना उजव्या फुप्फुसावर, वरच्या बाजूला एक डाग दिसला. "हा नवा असेल तर छाती उघडून काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "जुना असेल आणि वाढला नसेल, तर हात लावायची गरज नाही. आधीचा फोटो असेल ना घरी? तो आणा. नाही तर सोमवारी ऑपरेशन."

जेवताना वहिनींचे यजमान वैतागले होते. "कपाट दोनदा पालथं घातलं. गेला कुठे तो फोटो?"

भावजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. "दादा, तो कपाटात नाही."

"मग कुठे आहे?"

"त्याचं मी गाणं केलं."

"काय केलंस?"

"गाणं."

वहिनी खोकत खोकत म्हणाल्या, "भावजी, घरात एवढं सामान. तुम्हाला माझीच छाती सापडली?"

"कपाटामागे नुसता धूळ खात होता, वहिनी."

"धूळ खात होता ना? तुमचं काय खात होता?"

यजमान ताटावरून उठले. हात धुतले. मग म्हणाले, "आता कुठे आहे ते सांग."

दुसऱ्या दिवशी तिघे न्हाव्याच्या दुकानात आले. काकांनी वस्तरा थांबवला. "खिडकीला हात लावायचा नाही हां. थंडीत गिऱ्हाईक कुडकुडतं."

"काका," वहिनी म्हणाल्या, "ती खिडकी नाही. मी आहे."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा वहिनींकडे. "म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या उजेडात लोकांच्या दाढ्या केल्या?"

"हो. आणि मला एकदा चहासुद्धा विचारला नाहीत."

यजमान पुढे झाले आणि घाईघाईने एक खिळा उपसू लागले. माझी कड टरकली. फाट आत सरकली. ऊन खाऊन मी ठिसूळ झाले होते. आणखी एक ओढ, आणि वहिनींचे फुप्फुस दोन तुकड्यांत त्यांच्या हातात आले असते.

"मागे व्हा," काका म्हणाले. "नवऱ्याचं काम नाही हे." त्यांनी एकेक खिळा हलवून हलवून सैल केला. अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक फेस सुकेपर्यंत बसून राहिले. शेवटी मी मोकळी झाले. वहिनींनी मला पदरात गुंडाळले.

डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतले. "हा गोल का?"

"यावर गाणं आहे," भावजी म्हणाले.

"मला गाणं नको, डाग हवा. आणि हा फोटो यांचाच कशावरून? नाव कुठे आहे?"

नावाचा कोपरा तर कात्रीने कधीच खाल्ला होता. डॉक्टरीणबाईंनी मला नव्या फोटोशेजारी उजेडावर लावले आणि भिंग घेतले. वरच्या कडेशी गळ्याचे हाड होते, मध्येच वाकडे जुळलेले. नव्या फोटोतही ते तसेच, त्याच जागी वाकडे.

"लहानपणी पडला होतात?"

"झाडावरून. आई म्हणायची, हात तरी मोडायचा होतास, शाळा तरी बुडली असती."

डॉक्टरीणबाईंनी बोट गळ्याच्या हाडावरून खाली आणले. माझ्या अंगावर गाण्याच्या रेघाच रेघा. त्यांनी डोळे बारीक केले, पट्टी लावली, नव्या फोटोवर लावली, पुन्हा माझ्यावर लावली. माझी कापलेली कड त्या जागेपासून जेमतेम बोटभर दूर होती. ताटली त्या दिवशी दुसरीकडे सरकली असती तर तिथे आज हवाच असती.

"आहे," त्या म्हणाल्या. "तेवढाच आहे. जुना डाग. ऑपरेशन नको. खोकल्याला औषध देते."

यजमान खुर्चीत बसले. भावजी नाक शिंकरायला बाहेर गेले.

डॉक्टरीणबाई मला वहिनींच्या नावाच्या पाकिटात ठेवू लागल्या. दर वर्षी नव्या फोटोशी ताडून पाहायला मी इस्पितळातच हवी होते. वहिनी म्हणाल्या, "एकदा ऐकून येते, बाई. मग ठेवा."

भावजींच्या दुकानात मला ग्रामोफोनवर चढवले. ऊन, साबणाची वाफ आणि खिळे यांतून गाण्याचे फारसे उरले नव्हते. खरखर सुरू झाली. तिच्या तळाशी, बऱ्याच भिंतींपलीकडे कोणी गात असावे तशी एक चाल आली आणि गेली. वहिनी कर्ण्याला कान लावून शेवटपर्यंत बसल्या.

"पहिल्यांदा फार छान वाजली होती, वहिनी," भावजी म्हणाले.

"तेव्हा बोलवायचं होतंत मला."

भावजींनी सुई उचलली.

आता मी पाकिटात असते. वर्षातून एकदा उजेडावर येते, माझ्याशेजारी नवा फोटो लागतो, डाग तेवढाच असतो, आणि मला परत आत ठेवतात. माझी काही तक्रार नाही. मित्रांनो, जुनी वस्तू टाकून द्यायच्या आधी एकदा उजेडाकडे धरून पाहा. तिचे नवे काही करावेसे वाटले तर जरूर करा. पण ती ज्याची असेल त्याला आधी विचारा, आणि तिचे गाणे झालेच, तर पहिल्याच दिवशी त्या माणसाला ऐकायला बोलवा.