तिसऱ्या कॉइलखाली

थोरलीनं चावी फिरवली आणि व्हॅन अशी थरथरली की पुढची पाण्याची बाटली घरंगळत सीटखाली गेली. इंजिन चालू होतं, पण धड नव्हतं. फट्, फट्, मग एक गचका, पुन्हा फट्. आरशात मागची भिंत हलताना दिसत होती.

तिनं लगेच बंद केलं.

सकाळी मुलांना शाळेत सोडून आल्यावर तिनं अंगणात बॉनेट उघडून स्वतःच्या हातानं चारही स्पार्क प्लग बदलले होते. बरेच दिवस चढावर गाडी मार खात होती, नेहमीचा मेकॅनिक दुकान बंद करून परगावी गेला होता, आणि फोनवरच्या व्हिडिओत एक माणूस हेच काम हसतखेळत करत होता. आता शाळा सुटायला जेमतेम अर्धा तास उरला होता. तिच्या व्हॅनमधून जाणारी मुलं सगळी बालवर्गातली.

वरच्या गॅलरीतून सासूबाईंनी डोकावून विचारलं, "काय गं, दमा झालाय का तिला?"

"काही नाही आई. बसेल आपोआप."

पण आपोआप काही बसत नाही हे तिला ठाऊक होतं. शेजारच्या स्टुलावर बोल्ट ठेवायची ताटली होती. प्रत्येक प्लगवर त्याला वीज देणारी एक कॉइल बसते आणि प्रत्येक कॉइलला एक बोल्ट. तिसऱ्या कॉइलचा बोल्ट लावायच्या वेळी ताटली रिकामी होती. कुठंतरी पडला असेल, मिळेल नंतर, असं म्हणून तिनं पुढचं काम उरकलं होतं. आता तेच तिला आठवलं. जुने प्लग काढले तेव्हा चारही भोकं थेट इंजिनाच्या पोटात उघडत होती. बोल्ट त्यातून आत गेला असेल तर इंजिनाचं पीठ व्हायला वेळ लागणार नव्हता.

ती गुडघ्यांवर बसून गाडीखाली शोधू लागली. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. धाकटी जाऊ. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, आज तिची सुट्टी. मागच्या घरगुती जेवणाला तिनं चारचौघांत म्हटलं होतं, "वहिनींचं काम म्हणजे निम्मं झालं की संपलं." तेव्हापासून दोघींचं बोलणं सासूबाईंमार्फत चाले.

"आई," धाकटी वर बघून म्हणाली, "वहिनींना म्हणावं, एकदा चालू करा. कुठला सिलिंडर पेटत नाही ते बघू."

"आई, तिला सांगा, माझं मी बघेन."

"मी काय टपालखातं आहे का?" सासूबाई कडाडल्या. "तोंडं दिली आहेत ना दोघींना? मग वापरा!"

धाकटीनं ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन चावीला हात घातला.

"चालू नको करूस!" थोरली ओरडली. "बोल्ट हरवलाय. आत गेला असेल."

आता ही काय बोलते म्हणून थोरली वाट बघत होती. धाकटीनं चावी काढून थोरलीच्या हातात दिली.

"मघाशी चालू केली तेव्हा लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं वाजलं?"

"नाही. नुसती थरथर."

"आत असता तर वाजला असता. बहुतेक."

"बहुतेक?"

"मी पाणी तपासते वहिनी, इंजिनं नाही."

धाकटीनं एकेक कॉइल बोटानं दाबून पाहिली. पहिली, दुसरी, चौथी सपाट बसलेल्या. तिसरी नखभर वर. दाबली तरी खाली जाईना.

"प्लगच नीट बसला नसेल," असं म्हणत थोरलीनं ती कॉइल उपसून काढली आणि लांब पाना प्लगच्या खोल भोकात घातला. तोही तळाला टेकेना. घड्याळाकडे बघत तिनं जोर लावला. पाना किंचित खाली सरकला.

धाकटीनं तिचं मनगट पकडलं. "थांबा! खाली काहीतरी अडकलंय. प्लग सुटला तर ते सरळ आत जाईल."

टॉर्चचा उजेड पाडल्यावर दिसलं. खोल तळाशी, प्लगच्या पांढऱ्या मानेला खेटून, बोल्टाचं डोकं चकाकत होतं. मघाशी प्लग उलटा फिरवून काढला असता तर संपलंच होतं.

"शाळेला फोन करूया," धाकटी म्हणाली.

"नको. काढू पाच मिनिटांत. एका मुलाच्या आईनं आधीच उशिराची तक्रार केलीय, आज फोन केला तर माझं काम जाईल."

"आणि मुलं रस्त्यावर येऊन उभी राहिली तर?"

थोरलीनं फोन काढला, दोनदा चुकीचं बटण दाबलं, मग खालच्या आवाजात सांगितलं, "बाई, मुलांना फाटकाबाहेर सोडू नका. मला उशीर होतोय."

फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून सोडलं, तर ते प्लगलाच जाऊन चिकटलं. मग धाकटीनं घरातून व्हॅक्यूम क्लीनर आणि पाण्याच्या फिल्टरची उरलेली बारीक नळी आणली. नळीचं एक टोक मशीनच्या तोंडात घालून भोवती चिकटपट्टी गुंडाळली.

मशीन घोंघावू लागलं. थोरलीनं नळीचं दुसरं टोक खाली सोडलं, धाकटीनं टॉर्च धरला. नळीत एकदम जडपणा जाणवला. बोल्ट वर येऊ लागला. अर्ध्यावर तो कडेला घासला आणि पडला. टक्.

"गेला?" थोरलीनं विचारलं.

"तिथंच आहे. पुन्हा. हळू."

या वेळी बोल्ट काठापर्यंत आला आणि तिथं डुगडुगला. धाकटीनं टॉर्च दातांत धरला आणि भुवया कोरायच्या चिमट्यानं तो पकडला. दोघींपैकी कुणीच हललं नाही. मग थोरलीनं तो हळूच तिच्या चिमट्यातून घेतला आणि मुठीत आवळून खाली जमिनीवर बसली.

"अगं झालं काय?" वरून सासूबाई.

"सापडला!" दोघी एकदम ओरडल्या.

कॉइल आता खटकन खाली बसली. बोल्ट आवळला. थोरलीनं चावी फिरवताना डोळे मिटले होते. इंजिन एका आवाजात, एका लयीत चालू झालं. तरी ती लगेच निघाली नाही. थोडा वेळ कान देऊन बसली, एकदा रेस केली, पुन्हा ऐकलं. धाकटी दुसऱ्या दारानं येऊन शेजारी बसली.

पहिलं वळण मागे गेलं.

"त्या दिवशी तू चारचौघांत बोललीस ना," थोरली समोर बघत म्हणाली, "फार लागलं मला."

"चारचौघांत बोलायला नको होतं मी."

"पण खोटं नव्हतं."

चढ आला. थोरलीनं गिअर खाली घेतला आणि व्हॅन न कुरकुरता वर चढली.

शाळेचं फाटक बंद होतं. आत पायऱ्यांवर मुलं रांगेत बसली होती, एक जण दप्तरावर डोकं ठेवून झोपलेला. बाई कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. थोरली उतरून सरळ त्यांच्याकडे गेली.

"गाडीचं काम मीच काढलं आणि मीच चुकले. पालकांना तुम्ही सांगण्याआधी मी फोन करते."

बाई काही म्हणणार, तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला, "वहिनी, या झोपलेल्याला उचलू की उठवू?"

"उचल. उठवलंस तर घरापर्यंत रडेल."